हरमलमार्गे अलास्का

मला अलास्काची बोट लागली ती हरमलला.

(भूगोलाच्या दृष्टीने हे अशक्य आहे, हे मला ठाऊक आहे. मी गोव्यात, डिचोलीच्या शाळेत जन्मभर भूगोलच शिकवला.)

झालं असं. आमची मुलगी स्वाती अमेरिकेत असते. मी निवृत्त झाल्यावर तिने ठरवलं की आई-बाबांना अलास्काची समुद्रसफर घडवायचीच. तिने दोन जहाजं निवडली आणि एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आमच्यापुढे मांडली. एक अवाढव्य, आमचं अख्खं पाळी गाव, शेजारची दोन गावं आणि वर त्यांचे पाहुणे मावतील एवढं. दुसरं चिमुकलं, शंभरेक माणसांचं, पण थाट राजवाड्याचा.

"बाबा, पहिल्यांदाच जाताय, तर लहानच घ्या. गर्दी नाही, गडबड नाही. हिमनदीच्या इतकं जवळ जातं की बर्फ तुटल्याचा आवाज छातीत घुमतो!"

"माझ्या छातीत आत्ताच घुमायला लागलाय," मी म्हटलं. "त्यावर डॉक्टर असतो ना?"

"असतो. शिवाय देवमाशांची माहिती सांगायला एक तज्ज्ञ असतो."

"देवमाशांचा तज्ज्ञ काय कामाचा? मला बोट लागली तर तो काय करणार! मोठ्या जहाजावर काय आहे?"

"नाटकगृह, दवाखाना, पोहायचा तलाव..."

"दवाखाना!" मी टाळी वाजवली. "मोठंच घेऊया."

माझी बायको सुनंदा फोनपुढे सरकली. ती म्हणाली, "समुद्रावर जाऊन तळ्यात पोहायचं, तर आपलं मयेचं तळं काय वाईट आहे?"

सुनंदा समुद्रकाठच्या हरमलची. लग्न होऊन पाळीला आली ती समुद्र मागे ठेवून. आमच्याकडे लाटा उठतात त्या खनिजाच्या ट्रकांमागे, तांबड्या धुळीच्या. तिने कधी तक्रार केली नाही. फक्त माहेराहून परतताना समुद्राकडे पाठ करायला तिला जरा जास्तच वेळ लागायचा. तिला लहान जहाज हवं होतं, कारण त्यावरून पाणी जवळ दिसतं. मला मोठं हवं होतं, कारण त्यावरून पाणी दिसायचीच गरज नाही!

"रविवारपर्यंत सांगा," स्वाती म्हणाली. "लहान जहाजावर एकच खोली उरलीय."

त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. लहान जहाज जास्त डुलतं का? खोलीचं दार आतून अडकलं तर? शाळेत मी खडूने हिमनद्या काढल्या होत्या. एकही अंगावर कोसळली नव्हती! आणि इतक्या वर्षांत मी ज्या पाण्यावरून गेलो होतो ते नदीचं, तेही फेरीबोटीत स्कूटरचं हँडल घट्ट धरून.

शेवटी मी शास्त्रीय मार्ग काढला. चाचणी घ्यायची! सुनंदाचा भाऊ दत्ता हरमलला पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो आणि स्वतःच्या होडीतून त्यांना डॉल्फिन दाखवायला नेतो. त्या होडीत टिकलो तर लहान जहाज, नाही टिकलो तर मोठं.

"शनिवारी दत्ताकडे जाऊया का? सहज," मी म्हटलं.

सुनंदाने माझी फुगलेली पिशवी उघडली. "सहज? हरमलला स्वेटर घेऊन?"

"संध्याकाळी वारा असतो."

"आणि माकडटोपी?"

"जोराचा वारा असतो!"

चाचणी करायची तर पुरती करायची. रिकाम्या पोटी बोट लागते असं वाचलं होतं, म्हणून निघण्याआधी पावाचे चार उंडे आणि पातळभाजी चापली. भरल्या पोटीही लागते असंही वाचलं होतं, म्हणून वर उलटीच्या गोळ्या घेतल्या. गालात आल्याचा तुकडा ठेवला. हरमलच्या वाळूवर पोचलो आणि दोन स्वेटर, लोकरीचे हातमोजे, माकडटोपी आणि त्यावर दत्ताचं नारिंगी लाइफ जॅकेट असा सगळा अलास्का अंगावर चढवला. सूर्य डोक्यावर तळपत होता. आजूबाजूला परदेशी पाहुणे जेमतेम कपड्यांत पहुडले होते. त्यातल्या दोघांनी उठून माझे फोटो काढले.

"भावोजी, तुमका थंडी वाजता?" दत्ताने काळजीने कपाळाला हात लावला.

"अलास्कात वाजेल. चल, सुरू कर!"

मी होडीत चढलो. मासळीचा वास, पेट्रोलचा वास, स्वेटरमधल्या डांबरगोळ्यांचा वास! मी डोळे गच्च मिटले. दत्ता आणि त्याचे मित्र ओरडू लागले, होडी डावीकडे कलली, उजवीकडे कलली, पुढून उचलली गेली. काय त्या लाटा! पोटातले उंडे एकेक करून उठून उभे राहिले. घाम डोळ्यांत उतरला. आता आपण आत, खूप आत आलो असणार. मी धीर करून विचारलं, "दत्ता, किनारा किती मागे राहिला रे?"

"किनारो?" दत्ताचा आवाज खालून आला. "भावोजी, आमी अजून ढकलतंव मरे! होडी वाळूतच आसा!"

मी डोळे उघडले. खरंच वाळू होती. समुद्र अजून चांगला वीस पावलं पुढे होता, आणि सुनंदा माझ्याकडे बघत होती. पुढच्या क्षणी आलं, गोळ्या आणि पातळभाजी सगळं दत्ताच्या नव्याकोऱ्या जाळ्यात!

शुद्धीवर आलो तो दत्ताच्या भाड्याच्या खोलीत, पंख्याखाली. सुनंदा शेजारी बसून मला लिंबूपाणी पाजत होती.

"खरं सांगा," ती म्हणाली. "मोठं जहाज हवंय, की जहाजच नको?"

माझ्यात खोटं बोलण्याएवढी ताकद उरली नव्हती. "जहाजच नको."

 ती उठून जनेलापाशी गेली आणि समुद्राकडे बघत राहिली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी निदान उत्तरं तरी देतो. ही शांतता मला होडीपेक्षा जास्त हलवत होती.

तेवढ्यात फोन वाजला. स्वाती! "आई, ठरलं का?"

"ठरलं," सुनंदा म्हणाली. "लहान."

"बाबा तयार आहेत?"

मी उठून बसलो. सुनंदा माझ्याकडे वळली. रागावली की तिची बोली हरमलला परत जाते. आज तर ती हरमललाच होती. "मी जातंय," ती म्हणाली. "तुमका येवचा आसात तर येया."

दारात उभा असलेला दत्ता लगेच म्हणाला, "ताई, भावोजी नाय येयत तर मी येतंय गो! माका बोट लागणा नाय."

माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. देवमासे बघायला दत्ता, आणि पाळीला मी एकटा, कुकरच्या शिट्ट्या मोजत! त्या चित्राने जे केलं ते गोळ्यांनी केलं नव्हतं.

"स्वाती, दोघांची खोली घे!" मी ओरडलो.

आणि आम्ही गेलो. लहान जहाज सगळा वेळ डोंगरांमधल्या आडोशाच्या पाण्यातून चाललं. पाणी इतकं शांत की कपातला चहासुद्धा हलत नव्हता. पोट एकदाही बिघडलं नाही. काळजी मात्र मी एक दिवसही सोडली नाही. सुनंदा पहाटेपासून डेकवर असायची. वाऱ्यात तिचा चेहरा इतका कोवळा दिसायचा की मीही हळूहळू कठड्यापर्यंत जायला लागलो.

शेवटच्या दिवशी रबरी होडीतून आम्हाला हिमनदीसमोर नेलं. मी सुनंदाला बजावलं, "काही झालं तर माझा हात धर. घाबरू नकोस." तेवढ्यात समोरचा कडा कडाडला आणि घराएवढा बर्फ पाण्यात कोसळला! होडी उसळली. मी डोळे मिटून शेजारचा हात पकडला, मग दंड पकडला, मग खांद्यात तोंड खुपसलं आणि म्हटलं, "सुनंदा, मी आहे, मी आहे!"

त्या क्षणाचा फोटो आता आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलाय. अप्रतिम आलाय. निळा बर्फ, उडालेलं पाणी, आणि एका अनोळखी अमेरिकन आजीच्या गळ्यात पडलेला मी.

फोटो सुनंदाने काढलाय. हात जरासुद्धा हललेला नाही.