रकाना रिकामा ठेवायचा नाही

दापोडीच्या आमच्या गल्लीत ज्ञानदेवकाकांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. चाकणच्या एका कंपनीत ते पंचवीस वर्षं चारशे टनी प्रेसवर होते. पत्रा दाबून त्यातून गाडीचे भाग काढणारं ते मशीन इतकं दणदणतं, की शेजारच्या माणसाशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं. ती सवय त्यांच्याबरोबर घरी यायची. काकांनी कस्तुराकाकूंकडे मीठ मागितलं, की वरच्या मजल्यावर आम्हाला कळायचं, आज खाली भाजी अळणी झाली आहे.

डिसेंबरात एका सकाळी फर्स्ट शिफ्टची बस पकडायला निघालेले काका जिन्याशीच खाली बसले. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात वेळेवर पोचले म्हणून वाचले. हात दीड महिन्यात बराचसा परत आला. शब्द मात्र आले नाहीत. समोरच्याचं सगळं समजायचं, वाचलेलं कळायचं, पण बोलायला गेले की भलताच शब्द बाहेर पडायचा. पाण्याच्या ग्लासाकडे बोट दाखवून ते ‘खुर्ची’ म्हणायचे, आपण चुकलो हे त्यांचं त्यांना लगेच कळायचं, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

कंपनीने त्यांना एप्रिलपर्यंत मुदत दिली. एप्रिलमध्ये आधी कंपनीचे डॉक्टर हात आणि डोळे तपासणार, मग प्रत्यक्ष प्रेसवर चाचणी. पास झाले तर आपल्या मशीनवर परत. नापास झाले तर गेटजवळची पॅकिंगची शेड. अपघातात बोटं गेलेले, पाठ गेलेले, दृष्टी अधू झालेले कामगार त्या शेडमध्ये बसून खोकी चिकटवतात. कंपनीत त्या शेडला सगळे पांजरपोळ म्हणतात, थकलेली गुरं ठेवायची जागा. आणि हे नाव काही वर्षांपूर्वी हसत हसत काकांनीच पाडलं होतं.

शब्दांवर उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, की शब्द डोक्यातून गेलेले नाहीत, त्यांच्याकडे जायची वाट बिघडली आहे. रोज शब्द शोधायला लावा. पेपरातलं शब्दकोडं त्यांनीच सुचवलं. पण त्या बारीक चौकोनात काकांचा हात थरथरायचा आणि कागद फाटायचा. म्हणून मी त्यांच्या फोनवर रोजचं ऑनलाइन कोडं सुरू करून दिलं. मी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी विभागात आहे. साडेआठला निघते. त्यामुळे सकाळचा अर्धा तास मी खाली जाऊन बसायला लागले.

खेळ साधा होता. सकाळी सहाला नवं कोडं यायचं. सात आडवे, सात उभे चौकोन. चौकोनाला बोट लावलं की खाली त्या शब्दाचं सूचक वाक्य दिसायचं आणि किती अक्षरं ते. एका चौकोनात एक अक्षर, काना-मात्रा, जोडाक्षरासकट. त्याच चौकोनाला पुन्हा बोट लावलं की आडव्याचं उभं व्हायचं. एवढं शिकायला काकांना आठ दिवस लागले. उजवा अंगठा ऐकत नव्हता, डावा नको तिथे पडायचा. आडवा शब्द लिहिताना मध्येच दिशा बदलायची आणि उरलेली अक्षरं खाली उतरायची. काका फोन गादीवर आपटायचे.

“फोनचा काय दोष?” काकू कणीक मळता मळता म्हणायच्या. “पंचवीस वर्षं मशीनला शिव्या घातल्या, आता ह्या टीचभर पाटीला घाला.”

काकू चौथी शिकलेल्या. सूचक वाक्य मी मोठ्याने वाचलं, की स्वयंपाकघरातून त्यांचं उत्तर यायचं. “भाकरी भाजायचं भांडं? तवा.” काकांचा चेहरा लाल व्हायचा. शेवटी मी नियम केला, की काकूंनी तोंड उघडायचं नाही. त्या दिवसापासून काकू उत्तर आलं की नुसतं भांडं आपटायच्या. त्याचाही काकांना राग यायचा.

आणखी एक गोष्ट होती, ती मला जरा उशिरा लक्षात आली.

एके दिवशी आडव्या तिसऱ्या शब्दाला वाक्य होतं: धातू घासून गुळगुळीत करण्याचं अवजार, तीन अक्षरं. काकांनी उजवा हात पुढे-मागे केला, अगदी व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळून घासल्यासारखा. हाताला सगळं माहीत होतं. पण शब्द येईना. मिनिटभर थांबले आणि मग तिथे ‘पकड’ लिहून मोकळे झाले.

“काका, ही पकड नाही. तुम्हालाही माहीत आहे.”

त्यांनी मान हलवली. माहीत होतं. तरी पुढे गेले. त्या ‘ड’वरून खाली उभा शब्द होता: वाद्य, तीन अक्षरं. त्यांनी ‘डमरू’ लिहिलं आणि माझ्याकडे विजयाने पाहिलं. उत्तर होतं कानस, आणि तिच्या ‘स’वरून उतरणारी सतार. एका चुकीने दुसरी चूक बरोबर ठरवून टाकली होती. त्या ‘म’ आणि ‘रू’वरून आणखी दोन शब्द वाकडे गेले. शेवटी ‘तपासा’चं बटण दाबलं तेव्हा अर्धं कोडं लाल झालं.

रोज हेच होत होतं. येत असलेले शब्दही न येणाऱ्या शब्दांपायी बिघडत होते.

“येत नसेल तर मोकळं सोडा ना,” मी म्हटलं.

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना चपला घालून विहारात जायला सांगितलं.

“मोकळं कसं सोडतील?” काकू म्हणाल्या. “कंपनीत रकाना मोकळा दिसला की मेमो. ह्यांना आजवर एक मेमो नाही.”

मग माझी ट्यूब पेटली. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला मशीनचं चेकशीट भरतात. ऑइल, हवेचा दाब, इमर्जन्सी बटण, असे बावीस मुद्दे, प्रत्येकापुढे एक चौकोन. सगळं ठीक असेल तर टिक, बिघाड असेल तर फुली. पण रिकामा चौकोन कधीच नाही. ऑडिटला येणारा माणूस मशीन बघत नाही, तो आधी रिकाम्या चौकोनावर बोट ठेवतो. म्हणून महिनाअखेरीला राहिलेले चौकोन एका बैठकीत, एकाच पेनाने भरले जातात. हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये असं बोट ठेवणारी मीच आहे.

काकांना ही सवय मोडायला लावणं हे माझ्या कामाच्या अगदी उलट होतं. तरी मी मागे लागले. न येणारा चौकोन सोडा, पुढे जा, आडवे-उभे शब्द भरत गेलात की त्यात आपोआप एखादं अक्षर येऊन पडेल आणि तेच तुम्हाला शब्द आठवून देईल. पहिले काही दिवस त्यांचा अंगठा रिकाम्या चौकोनावर परत परत जायचा. मी त्यांचा हात धरून बाजूला करायचे. मग एकदा तसंच घडलं. सोडून दिलेल्या शब्दात मधलं अक्षर आलं, काका थबकले आणि स्वच्छ म्हणाले, “रांजण.”

काकूंनी गॅस बंद केला आणि बाहेर आल्या. “परत म्हणा,” त्या म्हणाल्या. ते परत म्हणाले.

मार्चमध्ये कोडी पूर्ण व्हायला लागली. सलग किती दिवस सोडवलं त्याचा आकडा वर दिसायचा; काका तो आल्या-गेल्याला दाखवायचे. बोलणं अजून अडखळत होतं, पण न आलेल्या शब्दाच्या जागी भलताच शब्द फेकणं जवळजवळ थांबलं. शब्द आला नाही की गप्प राहायचे, हात वर करायचे. थांबा, येतोय, असा त्याचा अर्थ. कधी तो यायचा, कधी नाही.

चाचणीच्या आधीच्या रविवारी कोंडाजीमामा आले. ते कुरुळीचे, कंपनीत काकांच्या लाइनचे सुपरवायझर आणि वीस-बावीस वर्षांचे दोस्त. पाऊण किलो जिलबी घेऊन आले होते.

“काय राव, शाळेत जाताय म्हनं? आन् मास्तरीण ही?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “छडी देती का न्हाई?”

काका हसले. सावकाश म्हणाले, “देते. रोज.”

“मग जमलं. ज्याला चेष्टा कळती त्याला प्रेस चालवता येती. तुझं मशीन मी कुणाला हात लावू दिलं न्हाई, नुसतं पुसून ठिवलंय.”

डॉक्टरांची तपासणी मंगळवारी झाली. हात ठीक, डोळे ठीक. बुधवारी सकाळी प्रेसवरची चाचणी होती. काकूंनी शर्टाला इस्त्री केली. मी त्या दिवशी मुद्दाम लवकर परत आले. खालचं दार उघडं होतं. काका पलंगावर बसले होते, पायांत सेफ्टी बूट तसेच. कोंडाजीमामा खुर्चीत होते आणि काकू दाराशी उभ्या. मला बघताच मामा म्हणाले,

“तूच शिकवलंस व्हय ह्याला, मोकळं सोडायला?”

झालेली हकिगत त्यांनीच सांगितली. चाचणी म्हणजे शिफ्टच्या सुरुवातीला करायची तीच पाहणी. बावीस मुद्दे. प्रत्येक ठिकाणी जायचं, तपासायचं, बोट दाखवून त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि मगच चेकशीटवर टिक करायची. नाव घेण्याचा नियम जुना आहे. प्रेसवर दोन माणसं असतात, एक पुढे आणि एक मागे, आणि एकाला दुसऱ्याच्या आवाजावर विसंबावं लागतं. सेफ्टीच्या तनुजा मॅडम बाजूला उभ्या होत्या.

तेरा मुद्दे नीट झाले. काका अडखळले, पण सगळी नावं आली. चौदावा मुद्दा लाइट कर्टनचा. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक पडदा असतो. कुणाचा हात तो ओलांडून आत गेला तर मशीन जागच्या जागी थांबतं. काकांनी प्रेस रिकामी चालवली, काठी आत घातली, प्रेस थांबली. पडदा ठीक होता. त्यांनी बोट दाखवलं. आणि नाव आलं नाही.

“मी हळूच म्हनलं, लाइट... म्हन की. न्हाई,” मामा सांगत होते. “शीटवर लिव्हलेलं हाय, वाच की. त्येबी न्हाई. नुसता हात वर करून हुबा. बरं, मॅडमला तेवढ्यात फोन आला, त्या पाठमोऱ्या झाल्या. मशीन तर ह्यानं तपासलं व्हतं. मी म्हनलं, टिक कर आन् पुढं चल. आमी काय आज करतोय व्हय हे? तर ह्यानं चौकोन मोकळा सोडला. पुढं आनखी दोन सोडले. मॅडमनी शीट हातात घेतली आन् इचारलं, काका, हे तीन का रिकामे? तर म्हनतो कसा, ‘नाही आलं.’ एवढंच कसं बरं चोख आलं तोंडातनं?”

मामांनी रुमालाने मान पुसली.

तनुजा मॅडमनी चाचणीवर शेरा लिहिला होता: सध्या प्रेसवर काम देऊ नये. सोमवारपासून पॅकिंगची शेड. सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, पण त्यांचा आवाज माझ्यासाठीच होता. “खेळातलं खेळात ठेवायचं असतं, एवढं तरी सांगायचं होतंस.”

कोड्यात रिकामा चौकोन पुढे भरून निघतो, कारण दुसरा शब्द त्याच्या मदतीला येतो. प्रेसच्या चेकशीटवर मदतीला कुणी येत नाही, हे मला, रोज असली शीटं तपासणारीला, आधी सुचायला हवं होतं. आणि दुसरीकडे हेही डोक्यात होतं, की मामा म्हणत होते तशी टिक मला ऑडिटमध्ये दिसली असती तर मी ती बरोबर धरून पुढे गेले असते.

“मी उद्या जाऊन मॅडमला भेटतो,” मामा म्हणाले. “म्हनतो, घाबरला व्हता, परत घ्या चाचणी. ह्या टायमाला फक्त टिक कर, ज्ञानदेव. नाव मी घेतो तुझ्या मागनं.”

काकांनी मान हलवली. नाही. मग त्यांनी उजवा हात समोर धरला, त्याच्यावर डावा पंजा प्रेससारखा वरून आणला आणि मध्येच थांबवला.

“आत... हात,” ते म्हणाले. “समोरच्याचा. आणि मला...” त्यांनी तोंड उघडलं आणि काही वेळ ते तसंच उघडं राहिलं. आम्ही तिघं वाट बघत होतो. काकूंचे ओठ हलले, पण त्या गप्प राहिल्या. “...हाक,” काका म्हणाले. “नाही आली तर?”

किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. एवढ्या वेळात प्रेस कितीदा खाली आली असती, हे मात्र मामांना आणि काकांना दोघांनाही नेमकं माहीत असणार.

“तरीबी...” मामा पुटपुटले.

काका वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. डाव्या बुटाची गाठ त्यांना सुटेना. काकू खाली बसल्या, त्यांचा हात बाजूला करून स्वतः गाठ सोडवली आणि विचारलं, “सोमवारी जनरल शिफ्ट का? डबा किती वाजता करू?”

“आठ,” काका म्हणाले. लगेच मान हलवली आणि सात बोटं दाखवली.

मामांना सोडायला मी रस्त्यापर्यंत गेले. त्यांनी गाडीला किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही.

“त्याच्या प्रेसवर सोमवारपास्नं नवा मानूस येतोय,” ते म्हणाले. “मी साहेबाला म्हनलं, त्याला ज्ञानदेवच शिकवू द्या, तेवढंच मशीनजवळ राहील. तर साहेब म्हनला, शिकवायला बोलावं लागतंय, कोंडाजी.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हननार? खरंच हाय की ते.”

ते गेल्यावर मी खालच्या दाराशी आले. आत दिवा लागला होता. काका काकूंना काहीतरी सांगत होते, एकेक शब्द, मध्ये लांब लांब थांबत. पूर्वी त्यांचं बोलणं मला वरच्या मजल्यावर ऐकू यायचं. आता दाराशी उभी राहूनही मला ते काय म्हणतायत ते कळत नव्हतं, आणि आत जायचा धीर होत नव्हता.