शेजारी कुणी बसलं की चालणारा कॉम्प्युटर

या पानावरचे अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. भूतखेत, करणी, चाहूल... माझा कशावरच विश्वास नव्हता. आताही बसलाय असं म्हणणार नाही. घडलं ते सांगते, अर्थ तुम्ही लावा.

अमरावतीत राजापेठच्या मागच्या गल्लीत माझं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका टाइप करून देते, वीस वर्षं झाली. मिस्टरांना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी मृणाल पुण्यात. कॉम्प्युटर जुना, पण माझे सगळे फॉन्ट आणि डिझाइनं त्यातच आहेत, नव्या मशीनवर ती नीट उघडत नाहीत.

मागच्या लग्नसराईत तो मधेच अडकायला लागला. माउसचा बाण जागच्या जागी थांबायचा, कोपऱ्यातलं घड्याळ थांबायचं, कीबोर्डवरचं नमलॉक दाबलं तरी त्याचा लाइट ढिम्म. बटण दाबून बंद करा, परत चालू करा, टाइप केलेलं गेलं.

मृणालचं एकच — "आई, तो डबा भंगारात दे आणि इकडे ये. एकटी काय करतेस तिथे?"

काम करते, असं मी सांगायची. मशीनच गेलं तर काय सांगणार होते?

म्हणून कामाला लागले. कॅबिनेट उघडून धूळ काढली. रॅम काढून पिना खोडरबरनं घासल्या. पंखा बदलला, वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, तोही बदलला, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतलं. अडकल्याची वेळ वहीत लिहायला लागले. कधी सकाळी अकरा, कधी दुपारी तीन. ताळमेळ नाही.

शेवटी चादरीत गुंडाळून अकोल्याला नेला. जुन्या शहरात सलीमभाईंचं दुकान आहे, आमचे जुने मेकॅनिक. एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, याले मांडीवर घ्या, लेकरू समजून!" घेतला.

तीन दिवसांनी सलीमभाईंचा फोन. "ताई, रोज दिवसभर चालू ठेवला. एकदाबी अटकला नाई. मशीन ठणठणीत हाये. तुमच्या घरी काय होऊन राह्यलं, मले काय मालूम?"

घरी आणला, जोडला... वीस मिनिटांत अडकला.

त्याच आठवड्यात शेजारच्या शोभावहिनी तुरीच्या शेंगा सोलायला माझ्याकडे येऊन बसल्या. तीन तास त्या बोलत होत्या, मी टाइप करत होते. एकदाही अडकला नाही. त्या उठून गेल्या, मी परत येऊन बसले, आणि चहा निवायच्या आत बाण थांबला.

वही काढली. ज्या ज्या दिवशी कुणी गप्पा मारायला आलं होतं, त्या त्या वेळात एकही नोंद नव्हती.

मग लक्षात आलं. पूर्वी पत्रिका करायची म्हणजे घरातली चार माणसं माझ्या शेजारी येऊन बसायची. आत्याचं नाव आधी की मामाचं, यावर माझ्यासमोर भांडायची. "काकाले खाली टाकलं तर तो लग्नाले येनार नाई!" असं चालायचं. अलीकडे सगळे जण नावं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. त्या सीझनला एकही कुटुंब येऊन बसलं नव्हतं.

मी रीतसर तपासून पाहिलं. वहिनींना बसवलं, चालला. वहिनी गेल्या, अडकला. असं सहा वेळा. रेडिओ लावून पाहिला, अडकला. मृणालला व्हिडिओ कॉलवर ठेवलं, ती बोलत असतानाच अडकला.

वहिनी हसून हसून लोळल्या. "काहून वो, तुमच्या डब्ब्याले मानसाची सवय लागली काय? मी का रोज इथं येऊन बसू? माह्या घरचा सैपाक कोन करन?"

त्यांचंही बरोबर होतं. माणूस किती दिवस मागणार?

मृणालला मी सांगून टाकलं — हातातली एक पत्रिका तेवढी करते. त्यातही अडकला तर काम बंद, सामान बांधते. ती खूश झाली, खोलीसुद्धा ठरवली.

तो दिवस असा. वहिनी बहिणीकडे परतवाड्याला गेलेल्या. गल्लीत शुकशुकाट. दार आतून लावलेलं, कारण पार्टीनं नावं फोनवरच पाठवली होती, कुणी येणार नव्हतं. अकराच्या सुमारास बसले. लांबलचक यादी, दोन्हीकडचे मिळून साठेक लोक. एका जागी आत्या आणि मामा यांचा क्रम लागेना. मी सवयीनं विचारलं, "आत्या आधी घेऊ का?" आणि थांबले. समोरच्यानं विचार करून सांगावं, इतका वेळ थांबले.

मग भानावर आले. कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं... आणि ते चालू होतं.

पाच तास. एकदाही अडकला नव्हता.

शेजारी पाहिलं. कुणी नव्हतं. घर दोन खोल्यांचं, दोन्ही फिरून पाहिल्या. कडी लागलेलीच होती. पत्रिका पूर्ण केली, सेव्ह केली, प्रिंट काढली, आणि मृणालला कळवलं की येत नाही.

काही जण म्हणतील, मिस्टर आले असतील. ते त्या खोलीत कधी बसले नाहीत, पत्रिकेच्या भांडणांचा त्यांना वैताग होता. सलीमभाई म्हणतात व्होल्टेज. मग सहा वेळा वहिनींबरोबर व्होल्टेज उठून जात होतं का?

दुसऱ्या दिवशी अकराला बसले. साडेअकराच्या आत अडकला. त्यानंतर मी एकटी असताना रोजच अडकतो, मी दर दोन ओळींनी सेव्ह करून काम करते. आदल्या दिवशी खोल्या पाहताना मला भीती वाटली नव्हती. पण त्या सकाळी बाण थांबला तेव्हा मी शेजारी वळून पाहिलं, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं.