पिवळ्या तळ्यावरची हाक

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. मक्केला जाऊन आलो तेव्हा तिथेही हे ओठांवर आलं नाही — खरं सांगायचं तर मी येऊ दिलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला जमेल असं वाटतंय. जमेल का? बघू.

विनायकपासून सुरुवात करतो. त्याच्याविषयी बोलणं सोपं आहे.

विनायक नाशिकचा, इथे सौदीत रास तनुराला रिफायनरीत इंजिनिअर. मी दाभोळच्या खाडीकाठचा, त्या रिफायनरीजवळच्याच एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. इकाम्याच्या, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याच्या, मेडिकलसाठी छातीचा एक्स-रे काढायला तो आला होता. कागदावरचं आडनाव बघून मी "श्वास रोखून धरा" हे मराठीत म्हणालो. तो इतका हसला की एक्स-रे पुन्हा काढावा लागला. त्यानंतर सणासुदीला, आजारपणात, सुट्टीच्या दिवशी — आम्ही एकमेकांच्या घरी असायचो. मेधावहिनी माझ्या बायकोकडून सांदणं शिकल्या. त्यांची रेवा तेव्हा शाळेत होती, मला युसूफ अंकल म्हणायची आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची.

विनायकला एकच वेड होतं. तरुणपणी कंपनीने त्याला ट्रेनिंगला स्कॉटलंडला पाठवलं होतं, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने त्याला डोंगरातल्या तळ्यावर ट्राउट मासा धरायला शिकवलं. आपल्यासारखं गरीला कोळंबी लावून नाही. पिसांची, केसांची खोटी माशी बनवायची, ती लांब दोरीने पाण्यावर अशी अलगद टाकायची की माशाला ती खरीच बसली असं वाटावं. मी खाडीवर वाढलेला माणूस. पिसं फेकून मासे धरणं मला पोरखेळ वाटायचा, आणि मी तसं त्याला तोंडावर म्हणायचो.

या मुलखात ट्राउट कुठून असणार? पण होफूफच्या पलीकडे, वाळूच्या टेकड्यांमध्ये, एक मोठं तळं आहे. खजुराच्या बागांतून वाहून आलेलं पाणी तिथे साचतं. भोवती बोरूचं उंच गवत माजलेलं, काठावर मिठाची पांढरी साय. सगळे त्याला पिवळं तळं म्हणतात. त्यात बुल्टी मिळते — आपल्याकडची चिलापीच ती. विनायक तिलाच ट्राउट म्हणायचा. एखादी हाताला लागली की तिच्याशी दोन शब्द बोलून परत सोडून द्यायचा.

तो थंडीतला शुक्रवार होता. फजरच्या नमाजानंतर निघालो तेव्हा आकाश स्वच्छ होतं. बागा संपल्या, डांबर संपलं, आणि शेवटची टेकडी उतरलो तर खाली काहीच नव्हतं. तळं नाही, बोरू नाही. नुसतं धुकं, भांड्यात दूध ओतावं तसं. विनायक खूश झाला. म्हणाला, "हेच पाहिजे होतं. स्कॉटलंडला असंच असायचं."

मला ते आवडलं नाही. का, ते सांगतो — पण हे कारण आहे असं समजू नका.

आमच्याकडे खाडीवर धुकं उतरलं की आई दारात उभी राहून बजावायची, कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ देऊ नकोस. तीनदा हाक आली तरच माणूस समजायचं. मी शिकलेला माणूस आहे, हॉस्पिटलात काम करतो. पण धुकं दिसलं की कान टवकारतातच.

विनायकने छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली आणि गळाची काठी घेऊन बोरूच्या कडेने डावीकडे निघाला. पुढे पाणी मोकळं होतं, तिथे त्याला उभं राहायचं होतं. मी गाडीपाशी चहाचा थर्मास घेऊन बसलो. तो दिसेनासा झाला, पण ऐकू येत होता. दोरी हवेत फिरायची — सूं — मग थांबायची, मग पुन्हा सूं. तो आवाज होता तोवर ठीक होतं.

मग तो थांबला.

मी वाट पाहिली. मासा लागला असेल. दोरी बोरूत अडकली असेल. ना पक्षी, ना वारा. इतकी शांतता मी एक्स-रेच्या बंद खोलीतही अनुभवलेली नाही. आणि मग हाक आली. "युसूफ."

डावीकडून. मी उठलो. दुसरी आली ती पाठीमागून, टेकडीकडून, जिथे पाणीच नव्हतं. "युसूफ, अरे!" मी गर्रकन वळलो. मागे गाडीसुद्धा धड दिसत नव्हती. तिसरी कुठून आली ते मला आजही सांगता येणार नाही. अगदी जवळून आली, एवढंच.

मी डावीकडे निघालो. हे खरं आहे, काही पावलं मी निघालो होतो. मिठाची साय पायाखाली कुरकुरली आणि फुटली, आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. खाली थंडगार चिखल, आणि तो पायाला धरून ठेवत होता. तुम्ही कधी असे अडकला आहात? जोर लावावा तसा तो आणखी घट्ट होतो. मी आडवा पडलो, कसाबसा पाय उपसला. बूट आतच राहिला. रांगत मी गाडीकडे परत आलो.

हाका येतच होत्या. आता त्यात शब्द होते. रुतलोय. कमरेपर्यंत. लवकर ये.

इतकी वर्षं मी स्वतःची अशी समजूत घालत आलो की तो आवाज विनायकचा आहे याची मला खात्री नव्हती. हाक दोन बाजूंनी आली, धुकं होतं, आईचं बोलणं आठवलं, मी घाबरलो. घाबरलेल्या माणसाला कोण काय म्हणणार?

पण ते खोटं आहे. पहिल्या हाकेलाच मी आवाज ओळखला होता. तो विनायकच होता आणि तो बुडत होता. मी भुताला भ्यालो नाही, मी चिखलाला भ्यालो. पुन्हा त्यात पाय घालायचा नव्हता मला.

आणि नुसता भ्यालो असतो तरी एक वेळ — नाही, पुढचं सांगतो. मी गाडीत बसलो. दार लावलं. काच चार बोटं उघडी होती, ती वर केली. तरीही आवाज येत होता, म्हणून मी इंजिन सुरू केलं आणि ब्लोअर पूर्ण वाढवला. मग ऐकू येईनासं झालं.

गाडी वळवून बागांपर्यंत जाता आलं असतं. तिथे माणसं होती. पण मदत मागायला गेलो असतो तर मी ऐकलं हे कबूल केल्यासारखं झालं असतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोरच्या पांढऱ्या काचेकडे बघत बसून राहिलो. किती वेळ, ते मला माहीत नाही. चहा पूर्ण गार झाला होता.

काचेवर थाप पडली तेव्हा मी दचकून उडालो. बाहेर एक उंच सुदानी माणूस होता, उंट राखणारा. धुकं विरळ होत होतं आणि टेकडीवरून त्याला बोरूच्या मागे माणूस दिसला होता. "साहिबक," तो म्हणाला, तुझा दोस्त, आणि हाताने छातीची खूण केली. इथपर्यंत. त्याने चालू ब्लोअरकडे पाहिलं, माझ्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं, आणि वळून चालू लागला. त्याच्या पिकअपमध्ये फळ्या आणि दोर होता. फळ्या टाकत आम्ही गेलो. मी पुढे धावलो. होय, तेव्हा मात्र मी पुढे धावलो, आणि रडत होतो.

विनायक छातीपर्यंत चिखलात होता. दोन्ही हात पसरून चिखलावर ठेवलेले, काठी आडवी धरलेली, हनुवटी वर. ओठ निळे. पण चेहरा — मी इतका शांत चेहरा त्याआधी पाहिला नव्हता. मला बघून तो हळूच म्हणाला, "एवढा वेळ ओरडत होतास. घसा बसला असेल तुझा."

मला वाटलं, थंडीने बरळतोय.

तो बरळत नव्हता. होफूफच्या हॉस्पिटलात, ब्लँकेटात गुंडाळलेला, त्याने मला सगळं नीट सांगितलं. तो आधी धडपडत होता, प्रत्येक धडपडीने खाली जात होता. मग माझा आवाज आला म्हणे. हलू नकोस. हात पसरून ठेव. मी येतोय. मध्येच त्याला झोप यायला लागली की मी नावाने हाक मारून जागं करायचो. "आणि तू मला विनू म्हणत होतास," तो हसत म्हणाला. "वडील गेल्यापासून मला कुणी विनू म्हटलं नव्हतं."

मी त्याला कधीही विनू म्हटलेलं नाही. त्याला असं काही लाडाचं नाव आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "तू झोप आता."

त्या तळ्यावर कोण बोलत होतं? मला माहीत नाही. सुदानी माणूस नव्हे, त्याला मराठी कुठून येणार? थंडीने विनायकच्या डोक्यात आवाज उठला असेल. माझ्या हॉस्पिटलातले डॉक्टर असंच म्हणतील. कधीकधी मला वाटायचं, मीच बोललो असेन, भीतीने मला आठवत नसेल. पण नाही. माझे दात आवळलेले होते, दुसऱ्या दिवशीपर्यंत जबडा दुखत होता. बोललं ते जे काही होतं, ते माझ्याऐवजी बोललं. माझ्या जागी ते तिथे उभं राहिलं. या विचाराने मला अजूनही भर दुपारी काटा येतो.

आणि त्याचं श्रेय मी घेतलं. वहिनींनी मला राखी बांधली, दर वर्षी बांधत आल्या. कुणाच्याही घरी चार मराठी माणसं जमली की विनायक ती गोष्ट सांगायचा आणि लोक माझ्याकडे वळून बघायचे. मी मान खाली घालायचो. त्यांना तो नम्रपणा वाटायचा.

गेल्या महिन्यात विनायक निवृत्त झाला. नाशिकला परत जाण्याआधी घरी जेवण ठेवलं होतं. रेवा पुण्याहून आली होती, मोठी झालीय आता. तिने सगळ्यांचे आवाज जमवून एक व्हिडिओ केला होता. मला फोनवर म्हणाली होती, "अंकल, त्या दिवशी तुम्ही बाबांना जे ओरडून सांगत होता ना, तेच बोला. जस्ट दोज वर्ड्स. बाबांना सरप्राइज." मी नाही म्हणू शकलो असतो. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून ते बोललो. हलू नकोस, विनू. हात पसरून ठेव. मी येतोय. पहिल्यांदा नीट आलं नाही म्हणून पुन्हा रेकॉर्ड केलं.

जेवणाच्या दिवशी टीव्हीवर माझा आवाज लागला तेव्हा वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. विनायकने डोळे मिटून घेतले होते. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने वाजवल्या नाहीत. जेवताना तो माझ्या शेजारी बसला, आणि बऱ्याच वेळाने, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "युसूफ, तो आवाज असा नव्हता रे."

तो माझ्याकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता विचारत होता. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा मला काही विचारलं होतं, आणि उत्तर द्यायला मी तिथेच, हातभर अंतरावर होतो.

मी म्हणालो, "धुक्यात आवाज बदलतो."

 त्याने मान हलवली, गुलाबजामचं भांडं पुढे ओढलं आणि माझ्या वाटीत आणखी एक वाढला.

मी तो खाल्ला.