तिसऱ्या शनिवारचा भात

ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन सुखरूप पार पडावं, म्हणून ह्यांनी नवस बोलला होता: पुरट्टासी महिन्याचे चारही शनिवार पेरुमाळच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळातल्या अन्नदानात आम्ही तिघांनी स्वतः वाढायचं. नवस त्यांचा, कंबर माझी. त्यांना ओझं उचलायची मनाई, तेव्हा ते केळीची पानं मांडून पाणी शिंपडत. मुलीकडं भाजी आणि अप्पळम, म्हणजे पापड. भाताची परात अर्थात माझ्याकडं.

पुढचं कळायला आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. तंजावुरात आम्ही मराठी घरं मोजकी, त्यामुळं चारचौघांत मराठी म्हणजे आमची पडद्याआडची खोली. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर आम्ही एकमेकींना सांगतो, "रंग जाईल गे, चल येथून," आणि तो हसून आणखी दोन साड्या उलगडतो. मी लहानपणापासून हेच करत आले. त्यात माझ्या जिभेला हाड नाही.

पहिल्या शनिवारपासूनच मी वाढता वाढता मुलीशी मराठीत बोलत होते. ती सगळं समजते, उत्तर मात्र तमिळमध्ये देते. अमक्यानं केसांना काय काळं फासलंय बघ. ती दोघं मोटरसायकलवरून येतात आणि फुकट जेवतात. आणि खांबाजवळची ती म्हातारी, पोल्क्याला ठिगळ, पण इस्त्री बघ कशी कडक. म्हातारी नेहमी शेवटच्या पंगतीला बसायची. "कोंजम् सादम्," थोडा भात, एवढंच म्हणायची. थोडा कसला, तीनदा मागायची. दुसऱ्या शनिवारी मी पाहिलं, अर्धा भात ती पदराआड पिशवीत भरत होती.

तिसऱ्या शनिवारी गर्दी फार होती आणि भात कमी पडेल अशी लक्षणं होती. उकाड्यानं माझं डोकं तापलेलं. म्हातारीनं दुसऱ्यांदा हात पुढं केला, तशी मी तिच्या पानासमोर उभी राहून मुलीला म्हणाले, "हिला आतां भात घालत नाही मी. बांधून नेते. इतकी म्हातारी झाली, पण लाज नाही बाईला."

म्हातारीनं मान वर केली. तिचा आवाज अगदी हळू होता.

"लाज आहे गे," ती म्हणाली. "म्हणूनच इतके दिवस तमिळांत बोलले."

मराठीत. माझ्या आजीच्या मराठीत. माझ्या हातातला डाव तसाच वाकडा राहिला आणि भात शेजारच्या पानावर न पडता फरशीवर पडला.

"घरीं हे निजून आहेत," ती म्हणाली. "उठवत नाही त्यांना. अर्धा त्यांचा." मग तिनं पिशवी उलटी केली, त्यातला सगळा भात परत पानावर ओतला, रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि गुडघ्यांवर हात टेकत उठली. मला तिला थांबवायचं होतं. शब्द कुठल्या भाषेत काढावा तेच सुचेना. ती गेली. तिच्या पानावर दोन माणसांचा भात होता.

त्या दिवशी मी उरलेली पंगत कशी वाढली, आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तीन शनिवार मी जे जे बोलले होते ते एकेक करून परत ऐकू येत होतं, आता तिच्या कानांनी. ठिगळ. इस्त्री. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

"आपल्यांतली म्हणजे शोधायला कितीसा वेळ?" हे म्हणाले. "दोन घरीं फोन केला तर अस्कें कळेल, सगळं. किराणा भरून देऊं महिन्याचा."

माझा हात फोनकडं गेलाही होता. कोणाची ती, कुठल्या घरातली, हे मला हवंच होतं, उगाच कशाला खोटं बोलू. तेवढ्यात मुलगी तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, तू विचारलंस की सगळ्यांना कळेल. मग ती कधीच येणार नाही. मग ते दोघं काय खातील?"

मी फोन ठेवून दिला.

चौथ्या शनिवारपर्यंतचे सहा दिवस मी एकच वाक्य घोकत होते: चुकलं माझं, माफ करा. ती येईल याची खात्री नव्हती. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, खांबाजवळची जागा रिकामीच. शेवटच्या पंगतीला पानं मांडून झाल्यावर ती आली. तशीच कडक इस्त्री. ह्यांनी तिच्या पानावर पाणी शिंपडलं आणि पुढं सरकले.

मी परात घेऊन तिच्यासमोर गेले. वाक्य तोंडात तयार होतं. तिनं मान खालीच ठेवली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "कोंजम् सादम्, अम्मा."

तमिळमध्ये. दोन्ही बाजूंना माणसं जेवत होती. तिचा हात पानाच्या कडेवर थांबला होता.

"साप्पिडुंगो," मी म्हणाले. जेवा. तमिळमध्येच. आणि डाव भरून तीनदा वाढला.

मग मी तिच्याकडं पाठ करून, पदर पसरून, उरलेल्या पंगतीकडं तोंड करून उभी राहिले. पाठीमागं पिशवीचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत मी समोरच्या माणसांना तमिळमध्ये विचारत राहिले, भात हवा का, भात.