बदकाच्या आईचं ग्रहण

बडोद्यात माशीला नातेवाईक मानणारा एकच माणूस होऊन गेला आणि तो माझा सख्खा मामा होता. बाकीचे लोक नातं सांगायला लागले की फार तर चुलत आजोबांच्या साडूपर्यंत जातात आणि तिथे त्यांना दम लागतो. मामा मात्र माशी, उंदीर, कोंबडी, बदक या सगळ्यांना आपल्या कुळात धरून चालायचा आणि त्यांच्याविषयी बोलताना त्याच्या आवाजात जी माया यायची ती माझ्या वडिलांच्या, म्हणजे त्याच्या सख्ख्या मेहुण्याच्या, वाट्याला कधी आली नाही. जेवताना आमटीवर माशी घोंघावली आणि कुणी हात उगारला की तो म्हणायचा, "हाकला, पण मारू नका. तिचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे ज्या घराण्यातल्या जनुकांनी ठरवलं, त्याच घराण्यातल्या जनुकांनी तुमचंही ठरवलंय." यावर वडील माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे की मेहुण्यांच्या बाबतीत ठरवताना काहीतरी गडबड झालेली दिसते.

मामा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. लग्न केलं नव्हतं. घरात जागाही नव्हती म्हणा, कारण फडताळांतून, खिडक्यांतून आणि एकदा तर देव्हाऱ्याच्या खालच्या खणातून बाटल्या असत. प्रत्येक बाटलीत कुस्करलेलं केळं, तोंडाला कापसाचा बोळा आणि आत फळमाश्यांचं भरलेलं गोकुळ. या गोकुळासाठी तो खंडेराव मार्केटात जाऊन अगदी काळी पडलेली केळी निवडून घ्यायचा. फळवाल्या बाईंनी पहिल्यांदा त्याला समजावून पाहिलं, "साहेब, आ केळां तो गायने नाखवानां छे." मामा म्हणाला, गाईला घालायची असली तरी चालतील. तेव्हापासून बाईंची खात्री पटली की या साहेबांकडे गाय आहे. त्या नेमानं गाईची चौकशी करायच्या आणि मामा "मजामां" म्हणून पिशवी उचलायचा. एका दिवाळीत त्यांनी गाईसाठी गूळ पाठवला. मामानं तो माश्यांना घातला आणि पोहोचल्याचा निरोप दिला.

तो काळ असा होता की शेजारीपाजारी रंगीत टीव्ही येत होते, छपरांवर केबलच्या तारा चढत होत्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर झेरॉक्सची दुकानं निघाली होती. देशाचे दरवाजे उघडले त्याचा मामानं घेतलेला फायदा एवढाच, की परदेशी मासिकं कुणाकडून तरी मिळवायची आणि त्यांच्या झेरॉक्स काढायच्या. एकदा असाच एक लेख वाचून तो पेढ्यांचा पुडा घेऊन घरोघर फिरला. पेढे कसले, तर उंदराच्या डोळ्याचं जनुक माशीत घातलं होतं आणि माशीला पायावर डोळा फुटला होता. आईनं तोंडात घातलेला पेढा तसाच धरून विचारलं, की उंदराचा डोळा माशीच्या पायावर? "तीच तर गंमत आहे," मामा म्हणाला. "निरोप उंदराचा, पण डोळा माशीचाच. तिला निरोप कळला. इतक्या युगांनंतरही भाषा तीच राहिलीय." त्याचे डोळे भरून आले होते. आम्ही पेढे खाल्ले आणि आणखी मागितले.

मामाच्या मोज्यांचं कोडं मात्र आम्हाला सुटत नव्हतं. मे महिन्यात बडोद्याचं डांबर चपलेला चिकटत असतानाही त्याच्या पायांत मोजे असत. झोपाळ्यावर मोजे, जेवताना पाटावर मोजे. सत्यनारायणाला गुरुजींनी हरकत घेतली तेव्हा तो शांतपणे उठून प्रसादाच्या रांगेत जाऊन बसला. आम्ही पोरं त्यावरून फार फिदीफिदी हसायचो आणि आई दरवेळी तुटकपणे म्हणायची की त्याला सर्दीची प्रकृती आहे, गप्प बसा.

माझं लग्न गावातच झालं. सासर पाणीगेटजवळ, नवरा गोरव्याला कारखान्यात. मला सातवा महिना होता तेव्हा दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं आणि काही चिरू नकोस, कापू नकोस, असं बजावून त्या जपाला बसल्या. मला मळमळायला लागलं. मी गुपचूप एक लिंबू चिरून सरबत करून प्यायले आणि लिंबाच्या फोडी ओट्यावर तशाच विसरले. सासूबाईंनी त्या पाहिल्या आणि उचलून टाकल्या. मुलगी झाली. तिच्या दोन्ही पावलांची दुसरी आणि तिसरी बोटं एकमेकांना जोडलेली होती. सासूबाई दवाखान्यात आल्या, पावलं पाहिली आणि फक्त म्हणाल्या, "लिंबू."

त्या दुष्ट नव्हत्या. भांडल्या असत्या तर मीही भांडले असते. पण त्या एका शब्दानं मी खचले. शिकलेली असूनही मला ते खरं वाटायला लागलं. लेकीला अंघोळ घालताना मी तिच्या पायांकडे बघायची नाही. माहेरी आल्यावर आईकडून लोकरीचे चिमुकले मोजे विणून घेतले आणि ते तिच्या पायांत घालून ठेवले. मामा बघायला आला तेव्हा थंडी संपत आलेली होती. त्यानं मोज्यांकडे बोट दाखवून विचारलं, हे कशाला. मी रडत रडत लिंबाची सगळी हकिकत सांगितली. माशीचं नाव निघालं तरी तासभर बोलणारा माझा मामा त्या दिवशी एक अक्षर न बोलता उठून गेला.

बारशाला बायकांनी घर भरलं होतं. पाळणा सजला होता, घुगऱ्यांची पातेली तयार होती, आत्या कानात कुर्र करायला पदर खोचून उभी होती. तेवढ्यात मामा कॉलेजातल्या काचेच्या दोन बरण्या काखोटीला मारून आत शिरला आणि त्या त्यानं पाळण्याशेजारी, हळदीकुंकवाच्या तबकाला लागून ठेवल्या. एकीत कोंबडीचा पाय होता, दुसरीत बदकाचा. बायका भिंतीकडे सरकल्या. आईनं डोक्याला हात लावला. मामाला त्याचं काही नव्हतं; त्याचा तास सुरू झाला होता. पोटात बाळाचा पाय आधी वल्ह्यासारखा सपाट असतो, त्यानं सांगितलं, मग मधलं कातडं विरघळतं आणि बोटं सुटी होतात. विरघळ म्हणून निरोप देणारी जनुकं कोंबडीची, बदकाची आणि आपली एकाच घरातली. कोंबडीत तो निरोप पोहोचतो, बदकात वाटेत अडवला जातो, म्हणून त्याला पोहता येतं. माणसांत कधीकधी एखाद्या बोटापाशी थोडा अडखळतो, एवढंच.

सासूबाई म्हणाल्या, "ते असेल हो. पण हिनं ग्रहणात लिंबू कापलं होतं."

"विहीणबाई," मामा अगदी अदबीनं म्हणाला, "बदकाच्या आईनं काय कापलं होतं?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मामा हसला नाही. बोटं सुटी व्हायचं काम तिसऱ्या महिन्यातच उरकतं, तो म्हणाला, आणि ग्रहण आलं सातव्यात. त्या वेळी हिनं कोहळा फोडला असता तरी फरक पडला नसता. मग तो खाली सतरंजीवर बसला आणि भर बायकांत त्यानं आपले मोजे काढले. पांढरीफटक, कधी ऊन न पाहिलेली पावलं होती ती. दोन्ही पावलांची दुसरी आणि तिसरी बोटं जोडलेली. "हे आमच्या घराचं देणं आहे. बोल लावायचा तर मला लावा," तो म्हणाला. "या पोरीनं काही केलेलं नाही."

सासूबाईंनी चष्मा सरसावून त्याच्या पायांकडे पाहिलं. मग त्या पाळण्यापाशी गेल्या, लेकीचा एकेक मोजा स्वतःच्या हातानं काढला आणि बराच वेळ तिची पावलं तळहातावर घेऊन उभ्या राहिल्या. "मामाआजोबांवर गेलीय," त्या म्हणाल्या. "चला, नाव ठेवा. पोर ताटकळलीय." बरण्या उचलायचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही, त्यामुळे बारशाच्या फोटोत त्या अजून आहेत.

पुढे सासूबाईंनी ग्रहण पाळणं सोडलं नाही. आंघोळी, जप सगळं चालूच राहिलं. पण शेजारची सून एका ग्रहणात घाबरून बसली होती तेव्हा त्यांनी आधी विचारलं, कितवा. आठवा म्हटल्यावर म्हणाल्या की मग हातपाय केव्हाच तयार झालेत, तू आपली निवांत भाजी चिर.

मामानं त्या दिवसानंतर मोजे घातले नाहीत. माझी लेक मोठी झाली तशी ती आणि तो संध्याकाळी झोपाळ्यावर शेजारी बसून चार पाय समोर पसरायचे आणि कुणाची बोटं जास्त घट्ट जोडलेली यावर वाद घालायचे. अशाच एका संध्याकाळी, ती खेळायला पळाल्यावर, मी त्याला विचारलं की इतकी वर्षं त्याला आपल्या पायांची लाज वाटत होती का.

"लाज कसली," तो म्हणाला. "माझ्या वेळी आईनं ग्रहणात सुईत दोरा ओवला होता म्हणे. माझे पाय दिसले की ती डोळे पुसायची. तिला दिसू नयेत म्हणून मोजे घालायला लागलो. ती गेली तरी सवय राहिली." त्यानं पायानं झोपाळ्याला हलकासा झोका दिला. "हे सगळं नीट कळलं तेव्हा ती नव्हती गं. तिला सांगायचं राहून गेलं. तुला वेळेवर सांगता आलं."

आता मामा नाही. बाटल्या आणि झेरॉक्स कुणीकुणी नेल्या. माझी लेक उघड्या चपला घालून अख्ख्या गावात हिंडते आणि मी तिच्या पायांकडे अगदी सरळ बघू शकते. आजीला मी कधी पाहिलं नाही, पण तिला पोहोचायला हवा होता तो निरोप मामानं मला आणून दिला. लेक उंबऱ्याशी चपला काढते तेव्हा रोज त्याची आठवण येते, आणि ताटावर माशी आलीच तर मी ती नुसती हाकलते.