चौकटीबाहेरची मोरी

“हा पसारा आणखी थोडा पुढे ओढा,” कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. परळच्या एका चाळीपुढे मी कॅमेरा तिपाईवर चढवून उभा होतो. तळमजल्यावरच्या खोलीबाहेर गोधड्या, मडकी, पाटा-वरवंटा, सगळ्याचा ढीग. प्लेगचे दिवस होते. गिरगावातल्या एका सुधारणा कमिटीनं चाळीतल्या घाणीचे फोटो काढायचं काम मला दिलं होतं. आता घाण आहे तर आहे, ती पुढे ओढायची कशाला?

काळ्या कापडाखाली शिरणार, तेवढ्यात खोलीवाली जवळ आली. आवडाबाई. गिरणीत रिळं भरायची.

“बाबानू, ही तसबीर कोणाक दाखवतलास?”

“गिरगावातल्या मोठ्या लोकांना.”

“मगे ह्यां आमचां रोजचां न्हय म्हणान सांगा. फाल्या घट बसतले. घर सारवूक सामान भायर काढलां.”

उद्या घटस्थापना! म्हणजे वर्षातला सगळ्यात स्वच्छ दिवस, आणि आम्ही तोच घाण म्हणून टिपत होतो. मी सेक्रेटरींना तसं सांगितलं.

“नाना, तुम्ही फक्त टोपण काढा.”

त्या काळी लेन्सचं टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि परत लावायचं, एवढंच एक्स्पोजर. मी टोपण काढलं. पण सेक्रेटरींची गाडी वळल्यावर मुद्दाम मागे थांबलो. दुपारपर्यंत आवडाबाईची खोली सारवून झाली, भांडी लखलखली. धुतलेलं लुगडं नेसायला सांगून मी तिला दारात उभं केलं, वर रांगोळीही काढायला लावली. दाराशेजारची तुंबलेली मोरी फोटोत येत होती. कॅमेरा हातभर सरकवला आणि टोपण काढलं.

आठवड्यानं गिरगावात कमिटीचं व्याख्यान होतं. कॅमेऱ्यातल्या प्लेटवरून काचेची छोटी स्लाईड करायची, मॅजिक लँटर्नच्या दिव्यापुढे धरायची, की भिंतभर चित्र. लँटर्न चालवणारा मीच. सेक्रेटरींनी क्रम लिहून दिला होता. आधी ढीग, लगेच प्लेगचा रोगी. रोगी भलत्याच वस्तीतला, माझ्याच हातचा फोटो. दोन्ही फोटो खरे, पण एकापाठोपाठ एक दाखवले की तिसरंच काहीतरी खोटं तयार होतं आणि ते कुणी बोललेलंही नसतं! शेवटी सगळ्यांनी अर्जावर सह्या करायच्या, चाळ रिकामी करून पाडावी म्हणून. त्या जागेवर कमिटीतल्याच कुणाचा तरी डोळा होता, असा माझा संशय. आवडाबाईची खोली त्या सह्यांवर टांगलेली.

ढीग दिसला. “शी! शी!” सुरू झालं. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी तर नाकाला उपरणं लावलं. फोटोला कसला आलाय वास? माझं डोकंच फिरलं.

“पुढची,” सेक्रेटरी म्हणाले.

मी रोग्याऐवजी आवडाबाई घातली. तेच दार, तीच खिडकी. मग मागून एक म्हातारबुवा म्हणाले, “अहो, ही तर घटाची आवरासावर! गेल्याच आठवड्यात आमच्या अंगणात अस्साच ढीग होता.”

हशा पिकला. सेक्रेटरी माझ्या कानाशी आले. “ही कुठली स्लाईड, नाना?”

“त्याच खोलीची, साहेब. त्याच दिवसाची.”

अर्ज कोरा राहिला. कमिटीचं काम सुटलं ते सुटलंच.

दुसऱ्या दिवशी मी छाती फुगवून फोटो घेऊन परळला गेलो. आवडाबाईनं तो बराच वेळ न्याहाळला.

“खोली रवली. देव बरां करो तुमचां. पण हयली मोरी खंय गेली?”

“चौकटीत बसली नाही.”

“बसूक नाय, की तुमी बसवूक नाय? म्हयनोभर तुंबली हा. ती दाखवलास असतास, तर कोण तरी उपसूक इलो असतो.”

सेक्रेटरींनी ढीग पुढे ओढला, मी मोरी मागे सारली. लाज वाटली, खरंच सांगतो. कॅमेरा बरोबर होताच; तिथंच तिपाई लावली, मोरीचा फोटो काढला आणि छापून म्युनिसिपालिटीच्या वॉर्ड कचेरीत नेऊन दिला.

कारकुनानं तो उलटसुलट करून पाहिला. “हा कुणाच्या बाजूचा?”

“मोरीच्या,” मी म्हटलं.

चौथ्या दिवशी मोरी उपसली. तेव्हापासून कुणीही फोटो दाखवला, अगदी मी काढलेला असला, तरी मी आधी त्याच्या कडा बघतो.