बासरी काढा, मशीन ऐकू द्या

मशीनमावशींच्या दुकानात कुणी बिघडलेलं शिलाई मशीन घेऊन आलं, की त्या आधी गिऱ्हाइकाचं तोंड बंद करायच्या.

"अहो, टाके सुटतात, दोरा गुंततो, आणि मधेच..."

"तुम्ही नका सांगू. त्याला सांगू दे."

मग डोळे मिटायचे, मान जराशी तिरकी करायची आणि मशीनचं चाक हाताने हळूहळू फिरवायचं. भांड्याला नखाने टिचकी मारावी तसा आतून बारीक ‘चिक’ असा आवाज आला, की समजायचं, सुईखाली दोरा पकडणाऱ्या शटलचं टोक सुईला घासतंय. तो आवाज गेला आणि मागे नुसतं मऊ ‘टप’ राहिलं, की मशीन ताळ्यावर आलं. समोरच्या दुकानातला चष्मेवाला म्हणायचा, "मावशी, सगळं गाव तुमच्यासारखं असतं तर मी उपाशी मेलो असतो. तुम्हाला डोळे लागतातच कुठे?"

ही विद्या त्यांना नवऱ्याने दिली. लग्नानंतर त्या दुपारचा डबा घेऊन दुकानात यायच्या आणि तो जेवेपर्यंत नुसत्या बसून राहायच्या. एक दिवस तोच म्हणाला, "अशी बसतेस त्यापेक्षा भिंतीकडे तोंड करून बस. मी चाक फिरवतो, काय बिघडलंय ते ओळख." सुरुवातीला सगळंच चुकलं. मग बरोबर यायला लागलं, आणि डबा रोज गार व्हायला लागला. तो गेला तेव्हा नात्यागोत्यातल्या सगळ्यांनी दुकान विकायचा सल्ला दिला. मावशींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला हात जोडून दुकान उघडलं.

त्याच हातांनी आता दगा द्यायला सुरुवात केली होती. आधी एखादा स्क्रू निसटायचा, मग रोजच निसटायला लागले. डॉक्टर म्हणाले, औषधाने थरथर कमी होईल, जाणार नाही. मावशींना थरथरीचं फारसं वाटलं नाही. देवाने इतकी वर्षं हात चालवले, आता तो म्हणतोय पुरे, तर पुरे. पण आपण ही विद्या दिली कुणाला? मुलगा ऑफिसात रमलेला. शिकायचं म्हणून अधूनमधून कुणी यायचं, स्क्रू पिळायला शिकायचं आणि निघून जायचं. ऐकायला कुणी थांबलं नाही. माझ्या पाठीमागे हे सगळं पुसलं जाणार, असं मनात आलं की त्या हातातला घास परत ताटात ठेवायच्या.

तेव्हा सूनबाई पुढे सरसावली. ती दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. दिवसभर लोकांची कुरकुर ऐकूनही संध्याकाळी तिच्या अंगात उत्साह शिल्लक असायचा. "आई, तुम्ही फक्त बोला. मी फोनवर व्हिडिओ काढते आणि टाकते. दुकानात एक जण येऊन शिकत नाही ना? घरबसल्या हजार जण शिकतील."

मावशी बोलायला लागल्या. कॅमेऱ्याला लाजल्या नाहीत, कारण बोलताना त्या मशीनकडेच बघायच्या. सुनेने एकामागून एक व्हिडिओ टाकले, लोकांनी ते पाहिले, आणि घरात कौतुकाला ऊत आला. मावशींनी मात्र एकही पाहिला नव्हता. "माझं थोबाड मला रोज आरशात दिसतं. तेवढं पुरे."

एका सुट्टीच्या सकाळी सून लोकांचे अभिप्राय मोठ्याने वाचत होती. "ऐका, आई. ‘काकू, किती गोड समजावता.’ ‘काकू, तुमच्या चष्म्याची फ्रेम कुठली?’ हे चष्मेवाल्या काकांना सांगायला हवं. आणि हे बघा... ‘काकू, तुम्ही म्हणालात हा आवाज नीट ऐका, आणि मग बासरी वाजली. आमच्या मशीनमधून बासरी येत नाही. काय बदलावं लागेल?’"

सून खो खो हसली. मुलगाही हसला. मावशी हसल्या नाहीत.

"कसली बासरी?"

"म्युझिक हो. मागे लावलंय."

"दाखव."

सुनेने फोन हातात दिला. पडद्यावरच्या मावशी म्हणाल्या, "आता नीट ऐका हं, हा आवाज." त्यांनी चाक फिरवलं. आणि बासरी सुरू झाली. बासरीच्या मागून ढोलकी आली, ढोलकीच्या मागून कुठलीशी पाखरं किलबिलली. चिक नाही, टप नाही. पडद्यावरच्या मावशी डोळे मिटून मान हलवत होत्या, जणू मैफिलीलाच बसल्या होत्या.

"माझं मशीन कुठे गेलं?" खऱ्या मावशींनी विचारलं.

तेव्हा उलगडा झाला. फोनमध्ये आवाज साफ करायचं एक बटण होतं. ते दाबलं की माणसाचं बोलणं तेवढं राहायचं आणि बाकीची खरखर पुसली जायची. पंख्याची घरघर गेली, रस्त्यावरचे हॉर्न गेले, आणि त्यांच्याबरोबर मशीनही गेलं. मावशी गप्प असतील तिथे व्हिडिओ सुनासुना वाटायला लागला, म्हणून सुनेने तिथे बासरी भरली.

"म्हणजे मी स्वयंपाक शिकवतेय आणि तू चुलीवरचं पातेलंच उचलून नेतेस?"

"आई, म्युझिक नसलं तर व्हिडिओ अळणी लागतो. लोक थांबत नाहीत, पुढे सरकवतात."

"सरकवू देत. ज्याचं मशीन बिघडलंय तो थांबेल."

"तुम्हाला बोलायला काय जातं? मी दमूनभागून येते आणि हे सगळं जुळवत बसते. कुणासाठी?" सुनेचा आवाज भरून आला. मुलाने शहाणपणा करून वर्तमानपत्रात डोकं घातलं.

मग घरात भांडीच तेवढी बोलत होती. सून डबा भरायची, मावशी झाकण लावायच्या, पण शब्द नाही. शेवटी सूनच तडजोड घेऊन दुकानात आली. "बासरी अगदी बारीक केलीये, आई. जवळजवळ नाहीच. आता तरी चालेल?"

मावशींनी वाद घातला नाही. "भिंतीकडे तोंड करून बस," त्या म्हणाल्या. फोनवर ती बारीक बासरी लावून ठेवली, एक दुखणाईत मशीन पुढे ओढलं आणि चाक फिरवलं. "घासतंय का?"

"नाही. थांबा... हो. नाही, ती ढोलकी होती."

"पुन्हा ऐक."

"नाही कळत हो आई!"

मावशींनी फोन बंद केला. पंखा बंद केला. बाहेरचा गलबला आपल्या जागी राहिला, आत मात्र काहीच उरलं नाही. त्यांनी पुन्हा चाक फिरवलं.

सुनेची मान आपोआप तिरकी झाली. "आलं! आई, आलं! एका फेऱ्यात एकदाच येतंय. चिक... आणि मग काही नाही... आणि परत चिक!"

मावशी नुसत्या तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. नवऱ्यानंतर त्या आवाजाला ‘आलं’ म्हणणारं माणूस त्या दुकानात पहिल्यांदाच बसलं होतं.

त्या दिवसापासून सून आवाजाच्या मागे हात धुऊन लागली. दुकानातली ट्यूबलाइट गुणगुणते हे तिला तेव्हाच कळलं. तिने साधा बल्ब लावला. टेबलावर ठेवलेल्या फोनला टेबलाचे धक्के ऐकू जातात, म्हणून तिने टॉवेलाची घडी करून मशीनजवळ ठेवली आणि फोन तिच्यावर उभा केला. मग समोर जाऊन चष्मेवाल्याला म्हणाली, "काका, जरा वेळ काच घासायचं बंद ठेवा."

"का गं, बाळ झोपलंय?"

"झोपलं नाहीये, बोलतंय. ऐकू द्या."

सगळं जुळून आलं, आणि मावशींचा हात आडवा आला. स्क्रू-ड्रायव्हर लोखंडावर कडकड वाजायला लागला. एवढ्या शांततेत ती कडकड दगडासारखी कानावर पडत होती. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. मावशींनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि हात पदराखाली घेतला. "माझ्याने नाही व्हायचं. राहू दे. लाव तुझी बासरी."

"बासरी गेली खड्ड्यात," सून म्हणाली. "सरका जरा. हात माझे, कान तुमचे."

आणि तोच व्हिडिओ झाला. पडद्यावर सुनेची अडाणी बोटं, आणि बाजूने मावशींचा आवाज: "सैल कर. थोडं पुढे. अगं, केसभर म्हटलं, हातभर नाही! मागे ये. आता पीळ. फिरव." मग पडद्यावर फक्त चाक फिरत राहिलं. चिक. चिक. पुन्हा सैल, पुन्हा पीळ. चिक. आणि मग टप. टप. टप. सुनेने पडद्यावरच किंकाळी फोडली, "गेलं!" ती किंकाळी तिने कापली नाही.

व्हिडिओ टाकला, आणि फार कुणी पाहिला नाही. मुलगा म्हणाला, "मी पाहिला की. लावून आडवा झालो, झकास डुलकी लागली."

"तुझं कुठलं मशीन कधी चाललंय, तुला काय कळणार?" मावशी म्हणाल्या, पण आतून त्यांचा धीर सुटत चालला होता. सून तर फोनकडे बघायचीच बंद झाली.

मग व्हिडिओखाली दिलेल्या दुकानाच्या नंबरवर आवाजातला एक निरोप आला. लावला, तर बोलणं नाही. आधी चाकाची फिरकी, मग ‘चिक’. आणि मग एका बाईचा घाबरा आवाज: "काकू, मी पडदे शिवते. पुलापलीकडे राहते. तुमचं बघून तसंच केलं, दोनदा शटल हलवलं, तरी हा आवाज जात नाहीये. माझं मशीन मी मारलं का हो?"

मावशींनी निरोप पुन्हा ऐकला. डोळे मिटून आणखी एकदा ऐकला. सुनेने फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. "मारलं नाहीस पोरी. शटल नीट बसलंय, आता त्याला हात लावू नकोस. तुझी सुई वाकलीये. काढ, सपाट काचेवर आडवी ठेव आणि खालून फट दिसते का बघ."

थोड्या वेळाने दुसरा निरोप आला. टप, टप, टप, टप, लांबच लांब, जणू ती बाई चाक थांबवायलाच तयार नव्हती. शेवटी तिचं हसणं, आणि "काकू, देव तुमचं भलं करो."

"केलंच की आत्ता," मावशी म्हणाल्या, आणि चष्मा पुसत बसल्या.

पडदेवालीने चार जणींना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाकुणाला. दुकानाच्या फोनवर मशीनं यायला लागली, आणि पडदेवाली तर आसपासच्या बायकांची मशीनं ऐकवून मावशींकडून रोज शिकायला लागली. कुणाचं खोकत होतं, कुणाचं दात खात होतं, एकाचं तर इतकं करकरत होतं की मावशींनी आधी त्याला तेल पाजायला सांगितलं आणि मग बोलल्या. व्हिडिओखाली माणसं लिहीत होती: ‘बाकी सगळीकडे ढोल वाजतात, इथे मशीन वाजतं.’ ‘पहिल्यांदाच एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.’ एका आजोबांनी लिहिलं होतं, ‘मला कमी ऐकू येतं. इतरांच्या गाण्याबजावण्यातून मला बोलणं वेगळं काढता येत नाही. तुमचा शब्दन् शब्द समजला.’ तो अभिप्राय सुनेने दोनदा वाचला, दुसऱ्यांदा स्वतःसाठी. मग तिने जुनी मूळ चित्रणं शोधून काढली आणि प्रत्येक व्हिडिओतली बासरी काढून मशीन परत जागेवर बसवलं. नवरा म्हणाला, "एवढी मेहनत गाणी लावायला घेतली नव्हतीस."

"लावायला काय लागतं?" ती म्हणाली. "काढायलाच अक्कल लागते."

आणि सुनेच्या एका सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकान उघडलं न उघडलं तोच एक शिंपी घामाघूम होऊन आत शिरला. खांद्यावरचं मशीन त्याने टेबलावर आदळलं.

"कुठून आलात?" मावशींनी विचारलं.

"पुलापलीकडून. गाडी चौकात अडकली, तिथून उचलून आणलं."

"अहो, पण तुमच्याकडे पडदेवाली आहे ना!"

"ती?" शिंप्याने कपाळाचा घाम पुसला. "ती पडदे शिवते, मावशी. मशीनच्या पोटातलं तिला काय कळतंय?"

मावशींनी सुनेकडे पाहिलं. सुनेने पडदेवालीला फोन लावला आणि मशीनजवळ धरला. "ताई, एक आजारी आणलाय. ऐका." आणि शिंप्याला म्हणाली, "फिरवा चाक."

शिंप्याने फिरवलं. पहिल्या फेरीतच मावशींना कळलं. सून उत्तरासाठी त्यांच्याकडे बघायला लागली, तशी त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या काही सांगणार नव्हत्या. पलीकडून एक मशीन थांबल्याचा आवाज आला, मग खिडकी बंद केल्याचा.

"परत फिरवायला सांगा," पडदेवाली म्हणाली. "हळू."

शिंप्याने हळू फिरवलं. मावशींनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. माझं नाही, देवा, तिचं बरोबर येऊ दे, असं त्या मनात म्हणत होत्या.

"घासत नाहीये," पडदेवालीचा आवाज आला. "बॉबिन डुगडुगतेय. डबीत दोऱ्याचा तुकडा अडकला असणार. सुई बिई काही नाही. आणा इकडे, दुपारपर्यंत देते."

सुनेने खालच्या दोऱ्याच्या बॉबिनची डबी काढली आणि उघडली. आत लाल दोऱ्याचा एवढासा तुकडा चिकटून बसला होता.

"ओळखलंस गं!" मावशी इतक्या जोरात ओरडल्या, की समोरून चष्मेवाला हातातली काच टाकून धावत आला. "ओळखलंस! मी ओळखलं तेच ओळखलंस!" पलीकडे पडदेवाली हसत होती, इकडे सून टाळ्या वाजवत होती, आणि मावशी एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने चष्मेवाल्याचा खांदा गदागदा हलवत होत्या.

शिंपी डबीकडे बघत राहिला. "आता उघडलीच आहे, तर तो दोरा काढून टाका ना. मी जातो बापडा."

"छे!" मावशी म्हणाल्या. "रोग तिने ओळखला, गिऱ्हाईक तिचं."

सुनेने लाल दोरा होता तसाच आत ठेवला, डबी बंद करून जागेवर बसवली, आणि मशीन स्वतःच्या कमरेवर घेऊन ती शिंप्याच्या पुढे चौकाकडे चालायला लागली.